सही कोणाची, जाब कोणाला?

बँकेत नव्याने लागलेल्या कारकुनाला पहिल्या आठवड्यातच एक धडा मिळतो. व्हाउचर कोणीही लिहिलेले असो, खाली ज्याची सही, जाब त्याला. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केली’ ही सबब तपासनिसापुढे चालत नाही. ज्यांचे आयुष्य या शिस्तीत गेले, त्यांना मंत्र्यांकडे पाहतानाही तोच प्रश्न पडतो. त्याचे उत्तर स्वतःच्या वागण्यातून देणारा एक मराठी अर्थमंत्री होऊन गेला. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकील होते. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. केंब्रिजला शिकून १९१८ साली ते आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्या बँकेच्या नोटांवर प्रथमच एका भारतीयाची सही उमटली. नोट म्हणजे शेवटी कागदच. तिची किंमत वचनात असते आणि वचनाची किंमत सही करणाऱ्यावरच्या विश्वासात.

१९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत, १ जुलै १९५५ रोजी, इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. लोकांची बचत लोकांच्या कामी यावी, हा त्यामागचा विचार.

त्याच जानेवारीत पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. शहर पेटले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. देशमुखांचे म्हणणे दुहेरी होते. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. पहिला आक्षेप नेहरूंना मान्य नव्हता. पण मंत्रिमंडळाच्या निर्णयाला प्रत्येक मंत्री बांधलेला असतो. तो पटत नसताना खुर्चीवर बसून राहणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही ठोकणे. जुलै १९५६ मध्ये देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि आपली कारणे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितली. वैर मात्र कुणी धरले नाही. लगेच ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले.

हा प्रश्न आपल्या अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या माणसालाही परका नव्हता. तो निर्णय टिकला असता, तर इथून लोकलने मुंबईला कामावर जाणारा माणूस रोज एका राज्यातून निघून केंद्राच्या ताब्यातल्या शहरात उतरला असता. महाराष्ट्र १९६० साली झाला, राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली. त्यानंतरच अंबरनाथ एमआयडीसी हे नाव आपल्या बोलण्यात आले.

देशमुख गेल्यावर दीड वर्षाच्या आतच त्यांच्या खात्याची कसोटी लागली. नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर घेतल्याचे प्रकरण लोकसभेत गाजले. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. या चौकशीने सरकारची नाचक्की झाली खरी, पण लोकशाहीची पत वाढली.

देशमुखांना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. दर वेळी लोकसभेत गदारोळ व्हावा आणि मगच चौकशी व्हावी, हे त्यांना पटेना. १९५९ साली त्यांनी उच्चपदस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणारे कायमचे निःपक्षपाती न्यायपीठ मागितले. ते नेमल्यास काही प्रकरणे आपण स्वतः पुढे ठेवू, अशी तयारीही दाखवली. अशाने संशय आणि आरोप-प्रत्यारोपांचे वातावरण माजेल, असे नेहरूंचे मत पडले. ही भीती अगदीच निराधार नव्हती. खोट्या तक्रारीने चांगला माणूसही बदनाम होतो. पण तपासणीच नसेल तर लोक सगळ्यांनाच चोर ठरवतात, आणि त्यात प्रामाणिक मंत्र्याचे नुकसान अधिक.

महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्तांचा कायदा केला. केंद्रात लोकपालाचा कायदा २०१३ साली झाला आणि पहिले लोकपाल २०१९ साली नेमले गेले. देशमुखांच्या मागणीला तेव्हा साठ वर्षे झाली होती. ते स्वतः २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला निवर्तले.

एमआयडीसीतला छोटा कारखानदार कर्ज घेतो तेव्हा यंत्रे गहाण टाकतो, जामीनदार आणतो, पानापानावर सह्या करतो. हप्ता चुकला की नोटीस त्याच्या दारात येते. त्याच्याकडून आपण जे मागतो, त्याहून कमी मंत्र्याकडून मागायचे कारण काय? मत देणे म्हणजे पाच वर्षांसाठी दिलेले कर्जच आहे. ते देताना तारण फक्त माणसाच्या शब्दाचे असते. शब्द पाळता येत नसेल तेव्हा पद सोडायचे, आणि का सोडले ते लोकांना सांगायचे, हा व्यवहार नात्याच्या या माणसाने केला. मतदाराने निदान तो लक्षात ठेवावा.