कंपनीच्या कचेरीतील तत्त्वज्ञ

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विचारवंतांची एक रांग उभी केलेली असते. हॉब्जने सुरक्षिततेसाठी सत्ता मागितली, लॉकने तिला संमतीची अट घातली, रूसोने सार्वभौमत्व लोकांच्या हाती दिले, बेंथमने कायद्याला जास्तीत जास्त लोकांच्या सुखाची मोजपट्टी लावली. ही रांग पाठ केली की राजकीय तत्त्वज्ञानाचा विकास समजला, असे विद्यार्थ्याला वाटते. वस्तुतः विचार पुढे कसा सरकतो, हे पाहावयाचे असेल तर जॉन स्टुअर्ट मिलचे चरित्र पाहावे. या तत्त्वज्ञाच्या आयुष्याची पस्तीस वर्षे आपल्याच देशाच्या कारभाराचे कागद लिहिण्यात गेली, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

मिलचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जेम्स मिल हे बेंथमचे निकटचे सहकारी. त्यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र! हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवता जेम्स मिल यांनी लिहिलेला या देशाचा इतिहास १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यांना ईस्ट इंडिया कंपनीत जागा मिळाली. १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मुलगाही त्याच कचेरीत कारकून म्हणून रुजू झाला. हिंदी संस्थानांविषयीच्या खलित्यांचे मसुदे तयार करणे हे पुढे अनेक वर्षे त्याचे काम होते.

विसाव्या वर्षी या घडीव बुद्धीला तडा गेला. मनात योजलेल्या साऱ्या सुधारणा उद्याच अमलात आल्या तर आपण सुखी होऊ काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर नकारार्थी आले. त्या विषण्णतेतून त्याला वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने सावरले. सुखाची नुसती बेरीज पुरेशी नाही, माणसाला आपल्या कलाने वाढण्यास मोकळीक हवी, ही जाणीव त्याला येथे झाली आणि बेंथमचा विचार एक पाऊल पुढे गेला. १८४८ च्या अर्थशास्त्रावरील ग्रंथातही त्याने संपत्तीच्या उत्पादनाचे नियम आणि तिच्या वाटपाचे मानवनिर्मित नियम यांत भेद केला. वाटपाचे नियम समाजाने केलेले असतील तर समाज ते बदलूही शकतो, हा त्याचा अर्थ आम्हां अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांना आजही मोलाचा वाटतो.

१८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला, मिल निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याची पत्नी हॅरिएट फ्रान्समध्ये आव्हिन्यों येथे निधन पावली. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्यावरील त्याचा निबंध तिच्या स्मृतीस अर्पण होऊन निघाला. जुलूम केवळ राजाच करतो असे नाही, बहुसंख्यांचे मत आणि रूढीही करतात, हे त्यात ठामपणे मांडले होते. १८६५ मध्ये तो पार्लमेंटात निवडून गेला. १८६७ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्याने आणलेली दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. ७ मे १८७३ रोजी आव्हिन्यों येथेच त्याचा अंत झाला.

परंतु या स्वातंत्र्यवाद्याने दोन दारे बंद ठेवली होती. स्वातंत्र्याचे तत्त्व अप्रगत समाजांना लागू नाही, त्यांच्यावर हितकारी एकाधिकारशाही चालू शकते, असे त्याने त्याच निबंधात लिहिले; आणि ज्या देशाचे कागद तो लिहीत होता, तो देश त्याने याच सदरात टाकला होता. दुसरे दार त्याच्या १८६१ मधील प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात आहे. निरक्षराला मत नसावे आणि सुशिक्षिताला एकाहून अधिक मते असावीत, अशी त्याची सूचना होती.

ही दारे उघडली ती बाहेर ठेवलेल्यांनी. मिलच्या ग्रंथांवर वाढलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढून व्यक्तिस्वातंत्र्याचा तोच युक्तिवाद आपल्याकडील रूढींविरुद्ध वापरला. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी मिलच्याच पार्लमेंटात निवडून आले. ब्रिटिश स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९२८ मध्ये मिळाला. १९५० च्या आपल्या राज्यघटनेने तर मिलला दोन्ही बाबतींत उत्तर दिले. १९५१ च्या जनगणनेत दर शंभरांत सुमारे अठराच साक्षर निघाले. तरी त्याच वर्षाअखेर सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्राध्यापकालाही एकच मत होते आणि अंगठा उठविणाऱ्या शेतमजुरालाही एकच.

तात्पर्य, तत्त्व सांगणाऱ्याने त्याला घातलेले कुंपण ज्यांना अडवते, तेच लोक त्या तत्त्वाला पूर्णत्वास नेतात. निवडणुकीचे निकाल लागले की शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीत एक तक्रार अजूनही ऐकू येते: अडाण्याच्या आणि शिकलेल्याच्या मताची किंमत सारखी कशी? ही तक्रार करणाऱ्यांना मिलचा आधार जरूर मिळेल. मात्र तो हिंदुस्थानालाही स्वातंत्र्यास अपात्र ठरविणाऱ्या मिलचा असेल, याचे भान त्यांनी ठेवावे.