फरीदाबादचे नगररचनाकार ओटो कोनिग्सबर्गर

दिल्लीलगतच्या फरीदाबादमधील एन.आय.टी. हा भाग फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसविण्यात आला. त्याची आखणी करणारे वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर जन्माने जर्मन होते. उष्ण प्रदेशातील सामान्य माणसाचे घर हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय ठरला.

त्यांचा जन्म १९०८ मध्ये बर्लिन येथे झाला. नाझी सत्तेवर आल्यानंतर ज्यू वंशाच्या कोनिग्सबर्गर यांना मायदेश सोडावा लागला. इजिप्तमध्ये त्यांनी प्राचीन वास्तूंचा अभ्यास केला. १९३९ मध्ये ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत रुजू झाले. जमशेदपूर आणि भुवनेश्वरचे आराखडेही त्यांनी तयार केले.

१९४८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना गृहनिर्माण संचालक नेमले. लाखो निर्वासितांना निवारा देण्याचा प्रश्न तातडीचा होता. घरे झटपट तयार व्हावीत, यासाठी दिल्लीत पूर्वरचित घरांचा कारखाना काढण्यात आला. परंतु परदेशी तंत्राने बनविलेल्या काँक्रीटच्या फळ्यांना तडे गेले. संसदेत टीका झाली आणि हा प्रयोग फसला.

फरीदाबादमध्ये १९४९ पासून वेगळे घडले. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी कंत्राटदारांऐवजी स्वतःच घरे बांधण्याचा आग्रह धरला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने त्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. सुमारे ४० हजार लोकांची ही वसाहत अनेक लहान विभागांत विभागली गेली. एन.आय.टी. एक ते पाच ही नावे आजही प्रचलित आहेत.

या भागाचे हवामान घरबांधणीची कसोटी पाहणारे आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लू वाहते. तेव्हा जाड भिंती, लहान खिडक्या व सावलीचे अंगण उपयोगी पडते. जाड भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि माणसे गच्चीवर किंवा अंगणात झोपू शकतात. पावसाळ्यात मात्र त्याच घराला वारा खेळता हवा असतो, तर हिवाळ्यात ऊन.

१९५१ मध्ये कोनिग्सबर्गर लंडनला गेले. तेथील आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये उष्ण कटिबंधीय वास्तुकलेच्या विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी अनेक देशांतील विद्यार्थ्यांना शिकविले. सूर्याची दिशा, वारा, आर्द्रता आणि भिंतीची जाडी यांचा मेळ घालणारी पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह १९७० च्या दशकातील ग्रंथात मांडली. तो ग्रंथ वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला.

१९९९ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. वातानुकूलन यंत्रांमुळे उन्हाळ्यातील विजेची मागणी वाढत असताना, राहणाऱ्यांचे कष्ट, स्थानिक साहित्य आणि हवामान यांना धरून घर बांधावे, हा त्यांच्या कार्याचा धडा आजही मोलाचा आहे.