पंडिता रमाबाई : प्रवासवृत्त आणि लोकक्षोभ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी प्रवासलेखनाचा विचार करताना पंडिता रमाबाईंना (१८५८-१९२२) वगळता येत नाही. तथापि त्यांच्या धर्मांतराच्या वादाने त्यांचे प्रवासग्रंथ झाकोळून गेले.

भटकंती रमाबाईंच्या वाट्याला बालपणीच आली. वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थाटन करीत पुराणे सांगत. दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपल्यावर भावासह पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह अल्पकाळचा ठरला. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर लहानग्या मनोरमेसह त्या पुण्यास आल्या आणि तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. प्रवासाची हकीकत सांगणारे त्यांचे पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि महाराष्ट्रात क्षोभ उसळला. राज्यकर्त्यांच्या देशात जाऊन त्यांचाच धर्म पत्करणे हा स्वाभिमानी वर्गाला राजकीय आघात वाटला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत हिंडल्या. या अनुभवावरील ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ मध्ये प्रकाशित झाला. इंग्रजांचे राज्य झुगारून लोकसत्ता उभारणाऱ्या देशाची शासनव्यवस्था, शिक्षण, उद्योग आणि स्त्रियांची स्थिती त्यात सविस्तर वर्णिली आहे. कृष्णवर्णीयांवरील आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायाकडेही लेखिकेने डोळेझाक केलेली नाही. पराधीन वाचकापुढे असे चित्र ठेवण्यातील राजकीय आशय उघड आहे.

मात्र त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदा सदन अमेरिकन साहाय्यावर चालत होते. तेथे विधवांना ख्रिस्ती वळण लावले जाते, असा आक्षेप ‘केसरी’ने घेतला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढील कार्य केडगावच्या मुक्ती सदनात झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

रमाबाईंचे टीकाकार स्वराज्याची भाषा बोलत होते आणि रमाबाईंच्या ग्रंथात एका स्वराज्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन होते. प्रवासाला मिळालेला धार्मिक अर्थ इतका प्रभावी ठरला की हे साम्य दुर्लक्षित राहिले. प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकाने हा ग्रंथ धर्मांतराच्या वादापासून वेगळा काढून पुन्हा वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते.