मिरजेचा डॉक्टर आणि उतारशाळेचे पैसे

मेरी वानलेस हॉस्पिटलवरून कितीदा गेला असाल. ते नाव कुणाचं, कधी विचारलंत? डॉ. विल्यम वानलेस यांच्या पत्नीचं. हे कॅनडाचे डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आले तेव्हा तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे होते. १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी दवाखाना उघडला.

बायबलातली दयाळू शोमरोन्याची गोष्ट ऐकली असेल. रस्त्यात जखमी माणूस पडलाय. धर्म जाणणारे बाजूनं निघून जातात, आणि ज्याला हलका समजायचे तो शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो. आपण इथंच थांबतो! पण तो त्याला उतारशाळेत नेतो, पुढच्या खर्चाचे पैसेही देऊन जातो.

वानलेसांनी ही पुढची जबाबदारी उचलली. एकट्या डॉक्टरनं किती रोगी बघायचे? १८९७ मध्ये त्यांनी इथल्याच पोरांसाठी वैद्यकीय शाळा काढली. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा मोकळ्या हवेतलं आरोग्यधाम उभारलं, तीच वानलेसवाडी. १९२८ मध्ये ‘सर’ झाले, १९३३ मध्ये गेले.

मिरज स्टेशनावर हातात रिपोर्टची पिशवी घेतलेले पेशंट आजही लांबून येऊन उतरतात.