दगडातले झाड वाचणारे बिरबल साहनी

गुम्मिडिपूंडी (चेन्नई), ता. १४ नोव्हेंबर : येथून दक्षिणेकडे निघून चेन्नई ओलांडल्यावर, पुदुच्चेरीच्या अलीकडे विलुप्पुरम जिल्ह्यात तिरुवक्करै हे गाव लागते. तेथील जीवाश्म उद्यानात सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे ओंडके पडलेले आहेत. रेषे आणि गाठी लाकडाच्या. हात लावला की मात्र दगड. अशा दगडांचा अर्थ लावण्यात आयुष्य वेचणारे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांची आज जयंती.

साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, आता पाकिस्तानात असलेल्या भेरा येथे झाला. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लाहोरनंतर बिरबल केंब्रिजला गेले आणि प्रा. सिवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली जीवाश्मांच्या अभ्यासाकडे वळले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा त्यांनी स्वीकारली. १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पुराने वाहून आलेला ओंडका गाळाखाली झपाट्याने गाडला गेला, तर प्राणवायूअभावी त्याचे कुजणे मंदावते. भूजलात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशींत झिरपून साचत जाते. मूळ द्रव्य बहुतांशी नाहीसे होते, पेशींची रचना मात्र टिकते. या दगडाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वृक्षाचे कूळ ओळखता येते. तिरुवक्करैच्या एका सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचा साहनी यांनी फेरअभ्यास केला आणि १९३१ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

विदर्भाशीही त्यांच्या कार्याचा निकटचा संबंध आहे. नागपूर-छिंदवाडा परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये अश्मीभूत लाकूड व फळे सापडतात. दख्खनचा लाव्हा क्रिटेशस काळातला की त्यानंतरच्या तृतीय कल्पातला, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. या वनस्पतींच्या आधारे साहनी यांनी तृतीय कल्पाच्या आरंभाच्या बाजूने कौल दिला. आजच्या मापनानुसार या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, नेमका या दोन काळांच्या सीमेवर झाला. निव्वळ दगडी पाना-लाकडांवरून केलेले ते अनुमान सत्याच्या किती जवळ पोहोचले होते, हे यावरून कळते.

हे काम आपल्यामागे थांबू नये, ही त्यांची तळमळ होती. १९४६ मध्ये साहनी दाम्पत्याने आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि जीवाश्म देऊन लखनौत पुरावनस्पती संस्थेचा पाया घातला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. त्या शिलेतही जीवाश्म जडवले होते. त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिल रोजी, साहनी यांचे हृदयविकाराने निधन झाले.

पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेची जबाबदारी उचलली आणि १९५३ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ते कार्य आजही सुरू आहे.