बाबा आमटे आणि गाडीचा प्रवास

बाबा आमटे म्हटलं की वरोऱ्याचं आनंदवन आठवतं. पण तरुणपणी बाबांना गाडीचं भारी वेड होतं, हे ठाऊक आहे का? 26 डिसेंबर 1914 ला हिंगणघाटला जमीनदार घरात त्यांचा जन्म झाला. स्वतःची सिंगर स्पोर्ट्स कार होती, सीटवर बिबट्याचं कातडं! पुढे हे सगळं सोडून 1949 मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाचं काम सुरू केलं. तिथे पावसाळ्यात रस्ताच तुटायचा.

मग मणक्याच्या आजाराने गाठलं. बसणं बंद. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तरी बाबा गाडीत झोपून फिरतच राहिले. 1985 च्या भारत जोडो यात्रेत तरुण सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे, कन्याकुमारीहून थेट काश्मीरकडे!

आता सांगा, एसटीने कचकन ब्रेक मारला की तुम्ही पुढचा दांडा धरता. झोपलेला माणूस काय धरणार? क्लच झटक्यात सुटला तरी दुखऱ्या पाठीत कळ जाते. अशा वेळी ड्रायव्हरला खड्डा लांबूनच हेरावा लागतो. आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, मग ब्रेक हळूहळू दाबायचा. आईच्या मांडीवर बाळ असलं तरी हेच. एकेकाळी स्वतः स्टिअरिंग धरणाऱ्या बाबांना ड्रायव्हरच्या पायातलं हे कसब पडल्यापडल्या कळत असणार, असं मला वाटतं.

9 फेब्रुवारी 2008 ला आनंदवनातच त्यांचं निधन झालं.