तीन काडतुसं

१९०७ साल. कुमाऊंमधलं चंपावत. एका वाघिणीने तोवर ४३६ माणसं मारली होती. तिच्या मागावर गेलेल्या जिम कॉर्बेटने सोबत काडतुसं घेतली फक्त तीन. दोन वाघिणीसाठी, एक अडीअडचणीला. पण तिन्ही उडाली आणि जखमी वाघीण समोर उभीच! कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेला, त्यांच्या हातातली जुनी बंदूक घेतली आणि तिनेच काम संपवलं.

काडतुसं मोजून वापरायची सवय लहानपणची. जन्म २५ जुलै १८७५चा, नैनीतालचा. वडील पोस्टमास्तर, जिम लहान असतानाच ते गेले. घरात माणसं भरपूर, पैसा बेताचा. गलोलीनंतर हाती आली ती ठासणीची दुनळी, तीही एक नळी फुटलेली, तारेने आवळून बांधलेली. पुढे शाळेच्या कॅडेट तुकडीतल्या सार्जंट-मेजरने त्याला पॉइंट ४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. अट एकच : रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणून द्यायची. रायफलीचा धक्का असा, की पोराचा खांदा बधिर व्हावा. पण पहिला बिबट्या त्याने तिनेच मारला.

चंपावतच्या मोहिमेआधी कॉर्बेटने सरकारला अट घातली होती. वाघिणीवरचं बक्षीस रद्द करा, बाकीचे शिकारी मागे घ्या. पैशासाठी मारणारा म्हणून त्याला ओळख नको होती. काम फत्ते झाल्यावर लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. रिग्बी कंपनीची, पॉइंट २७५.

हे काडतूस म्हणजे मूळचं जर्मन ७×५७ माउझर. गोळी जेमतेम ७ मिलिमीटर जाड, वजन साधारण ९ ग्रॅम. कॉर्बेटच्याच पॉइंट ४५०/४०० दुनळी रायफलीची गोळी जवळपास २६ ग्रॅमची! मग छोटी कशाला? कारण डोंगरात मैलोन्‌मैल पायी हिंडायचं तर हलकी रायफल बरी. धक्का कमी, त्यामुळे नेम ढळत नाही. गोळी सरळ जाते, दुसरी पटकन झाडता येते. मात्र गोळी छोटी असली की चुकीला जागा उरत नाही. ती नेमकी बसली तरच जनावर जागीच पडतं. जखमी होऊन निसटलं, तर पुढचा बळी गावातला.

१९२६मध्ये रुद्रप्रयागला याच रायफलीची परीक्षा झाली. आठ वर्षांत १२५ माणसं मारणारा बिबट्या. आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसून काढल्या. एका काळोख्या रात्री खाली बांधलेल्या बकरीची घंटा वाजली. रायफलीवरच्या टॉर्चचा उजेड बिबट्यावर पडला, एक गोळी सुटली आणि टॉर्च विझला. लागली की नाही? उजाडेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. सकाळी बिबट्या मरून पडलेला दिसला.

पुढे कॉर्बेटच्या हातात रायफलीपेक्षा कॅमेराच जास्त दिसू लागला. १९३६मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान कुमाऊंत झालं, त्यामागे त्याचीही धडपड होती. १९४७मध्ये तो केनियाला गेला, १९ एप्रिल १९५५ला तिथेच वारला. दोन वर्षांनी त्या उद्यानाला त्याचं नाव मिळालं. आज त्या जंगलात लोक वाघ बघायला जातात. बंदूक न घेता.